छातीएवढं पाणी

नाना बोलायला लागले की तोंडाआधी हात बोलायचा. तळहात पालथा करून गुडघ्याशी धरायचे, मग कमरेशी, मग छातीशी. "जमिनीला मजला एकच, माय. पाण्याला तीन." एवढं म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्याला काही उमजलेलं दिसलं नाही तर हात पुन्हा गुडघ्यापासून सुरू.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला घरापेक्षा गावाची आणि गावापेक्षा जगाची काळजी जास्त असते. आमच्या नानांना जगाची होती. त्यांचं नाव सांगत नाही. गावात नाना म्हणून हाक मारली तर पाच-सहा जण वळून बघतात, त्यातले कोणते हे गावाला बरोबर कळेल. आणि खरं सांगायचं तर त्यांचं नाव तोंडाने घेण्याइतकी मी अजून निवळलेली नाही.

माझी पिठाची गिरणी आहे. वडीगोद्रीहून आत वळलं की कालवा लागतो, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. म्हणजे कालव्याचं पाणी आम्हाला दिसतं, मिळत नाही. गावात जे काही पिकतं ते विहिरी आणि शेततळ्यांवर. त्यातही मोसंबी. नानांची मोसंबी गावात पहिली. मोठ्या दुष्काळात लोकांनी बागा तोडून सरपण केलं, तेव्हा नानांनी टँकर आणून, खोडाला ओली पोती गुंडाळून, घरच्यांना अर्ध्या बादलीत आंघोळ करायला लावून ती झाडं जगवली होती. हे मी त्यांच्या बाजूने आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला मन होणार नाही.

तर नाना गिरणीवर यायचे ज्वारी घेऊन, आणि डबा ओळीत ठेवून भाषण सुरू करायचे. तालुक्याला कुठलंसं प्रशिक्षण झालं होतं मत्स्यशेतीचं. तिथून आल्यापासून हा माणूस बदलला. गिरणीच्या खडखडाटावरून आवाज चढवून सांगायचे, "जग वाढून राह्यलंय. जमीन वाढते का? बिलकुल न्हाई. समुद्र उपसून झाला. मंग उद्या मानसं खातील काय? तळ्यातला मासा. आपल्यासारख्यांनी पिकवलेला. तुम्ही हसा, पर लिहून ठिवा."

ओळीत भागूकाकू असायच्या. सत्तरीच्या पुढच्या, गळ्यात तुळशीची माळ, आणि जिभेला हाड नाही. त्या म्हणायच्या, "का रे नाना, जगाला जेवू घालायचा ठेका आपल्या गावानं कधी घेतला? आधी गावातल्या पंगतीला दुसऱ्यांदा भात मिळू दे."

बायका हसायच्या. नानाही हसायचे. त्यांचा राग कधी कुणी पाहिला नाही. हसून झालं की हात गुडघ्याशी. "आता हे बघा काकू, एका तळ्यात तीन मजल्यांचं घर. कटला वरच्या मजल्यावर ऱ्हातो, वरवरचं खातो. रोहू मधल्या. मृगळ तळाला, खाली पडलेलं वेचून खातो. कुणाचं कुणाशी भांडण न्हाई."

"सासूला कोणत्या मजल्यावर ठेवतात?" कमलबाईंनी विचारलं होतं. अख्खी गिरणी हसली, आणि माझ्या हातून पीठ सांडलं.

कमलबाई म्हणजे कामाला वाघ. बौद्धवाड्यात राहतात. दरवर्षी दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत. पोरगी हुशार, पण अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं फडात. त्यामुळे सातवीत असून तिला पाचवीचं गणित यायचं नाही. ट्रक निघायच्या दिवशी नाना न चुकता रस्त्यावर यायचे. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन मोसंब्या द्यायचे आणि म्हणायचे, "जल्दी या. गाव सुनं पडतं." कमलबाईंना एकदा म्हणाले होते, "तुमची ट्रकातली जागा मी एक दिवस रिकामी करून दाखवीन." असं बोलणारा माणूस आपल्या गावात आहे याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

आमचा बचत गट होता. पापड-कुरडया करून कंटाळलेला. नानांनी योजना मांडली ती गिरणीच्याच कट्ट्यावर. शेततळं त्यांचं. बीज, खाद्य, राखण आमची. मासे निघाले की वाटा ठरलेला. हायवेवरच्या ढाब्यावाल्याशी ते बोलूनही आले होते. तो म्हणाला, गावचा ताजा मासा मिळत असेल तर लांबून बर्फातला कशाला आणू?

सगळं ठीक, पण पाण्याचं काय? हे मीच विचारलं. तळं एक आणि तोंडं दोन, मासे आणि मोसंबी. उन्हाळ्यात कुणी कुणाचं प्यायचं?

नानांना हा प्रश्न आवडला. "चला दाखवतो," म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना शेतावर घेऊन गेले. पाऊस यायचा होता, तळं कोरडं होतं. काळी पन्नी अंथरलेलं ते खोल तळं उन्हात नुसतं तापलेलं. नाना दोर धरून खाली उतरले, आणि मागोमाग कमलबाई. तळ्याच्या मधोमध सिमेंट भरलेल्या डब्यात एक बांबू रोवून उभा केला होता. नाना त्या बांबूला पाठ लावून ताठ उभे राहिले, शाळेत उंची मोजतात तसे. "बांधा," म्हणाले. कमलबाईंनी पदराखाली आणलेली लाल चिंधी त्यांच्या छातीच्या रेषेत बांबूला गच्च बांधली.

"माझ्या छातीएवढं पाणी तुमचं," तळ्यातून आवाज आला. "त्याच्या वरचं मोसंबीचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं आन् चिंधी उघडी पडली, की ठिबकचा कॉक बंद. मंग झाडं वाळोत का जळोत."

भागूकाकू काठावरून ओरडल्या, "अशानं न्हाई! बेलभंडार उचल." आमच्याकडे शब्द पक्का करायचा तर बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेऊन देवीची आण घेतात, मग तो फिरवायचा नाही. नानांनी वर बघून हसत खिशात हात घातला. खिशात शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा होता, नमुना म्हणून माझ्याकडे दळायला आणलेला. तो मुठीत घेतला आणि मूठ उचलून दाखवली. "हेच माझं बेलभंडार, काकू. जगाला जेवू घालनारी मूठ हाय."

आम्ही टाळ्या वाजवल्या. भागूकाकूंनी वाजवल्या नाहीत.

गटातल्या निम्म्या बायका बिचकत होत्या. मी दारोदार फिरून त्यांना तयार केलं. "नाना आहेत ना," एवढंच म्हणायचे. दुसरं कारण मला द्यावंच लागलं नाही. ऊसतोडीचा मुकादम आला तेव्हा कमलबाईंनी त्याला उभ्या उभ्या सांगितलं, यंदा आमचा कोयता धरू नका. मुकादम म्हणाला, विचार करा बाई. त्या म्हणाल्या, केलाय.

पाऊस बरा झाला. तळं भरलं आणि चिंधी खोल पाण्यात बुडाली. मग एके सकाळी जीपमधून फुगलेल्या पिशव्या आल्या, आत बोटाएवढी पिल्लं. बोटुकली म्हणतात त्यांना. आम्ही पिशव्या फोडायला धावलो तर नाना ओरडले, "थांबा! पाहुणा आला की त्याला एकदम चुलीपाशी नेता का? आधी ओसरीवर बसू द्या." पिशव्या तशाच बराच वेळ पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं होईपर्यंत. मग एकेक तोंड सोडलं. पिल्लं काही क्षण पिशवीच्या दाराशी घुटमळली आणि गेली.

तळ्यात उतरणं आम्हा बायकांना शक्य नव्हतं. एक तर पोहता कुणालाच येत नाही, आणि शेवाळलेल्या पन्नीवरून पाय सटकला की वर चढता येत नाही. पाण्यावर राज्य नानांचं. ट्रॅक्टरच्या टायरची जुनी ट्यूब फुगवून त्यात बसायचे, मांडीवर घमेलं, आणि हाताने पाणी ओढत तळ्याच्या मध्यावर जाऊन खाद्य टाकायचे. डोक्याला लाल टॉवेल, पाय पाण्यात, तोंडाने कटल्याला हाका. रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. आम्ही काठावरून टाकायचो. खाद्य दळायचं काम माझं. कोंडा आणि पेंड, दुसरं काही नाही, तरीही भागूकाकूंच्या भाकरीला सहा महिने मासळीचा वास येत होता.

त्याच भागूकाकू बगळे हाकलायला स्वतःहून येऊन बसल्या. गोफण घेऊन, लिंबाच्या सावलीत. मी म्हणाले, "काकू, तुम्ही माळकरी, आणि माशांची राखण?" त्या म्हणाल्या, "खायचे न्हाईत. पर डोळ्यादेखत कुणी उचलून बी नेऊ द्यायचे न्हाईत. इकल्यावर त्याचं काय व्हतं ते मला सांगू नका." त्यांची गोफण सुटली की बगळा पार कालव्यापर्यंत जायचा.

थंडीत नानांनी वाढ बघायला एक रोहू काढला. हातभर झाला होता. आता काढलाच आहे तर शिजवायचा कुणी? मासा साफ कसा करतात हे गटात एकट्या कमलबाईंना माहीत. त्यांचं माहेर गोदाकाठचं. त्यांच्या घरी चूल पेटली, काळा मसाला भाजला गेला, आणि आम्ही सगळ्या त्यांच्या सपरात भाकरी घेऊन बसलो. नाना आले. त्यांच्या घरातलं कुणी त्या आळीत जेवायला बसल्याचं गावाच्या आठवणीत नव्हतं. मांडी घालून बसले, ताट ओढलं, आणि काटे काढत, बोटं चाटत जेवले. "माय," कमलबाईंना म्हणाले, "जग मागून येईन जेवायला. आपून आधी बसलो."

मला तो दिवस पुसून टाकता आला असता तर बरं झालं असतं. तो दिवस नसता तर मी त्यांना साधा लबाड माणूस म्हणून मोकळी झाले असते.

उन्हाळा लागला. तळं उतरू लागलं. अक्षय्य तृतीयेला मासे काढायचे असं ठरलं होतं. ढाब्यावाला दोनदा विचारून गेला. नाना म्हणाले, "आनखी थोडे दिस थांबा. गरम पान्यात मासा वजन धरतो. घाई केली तर आपलंच नुकसान." आम्ही थांबलो. मासे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होते.

मग म्हणाले, "उन्हाचं कशाला तडफडत येता? खाद्य मी टाकतो. लई मानसं आली की मासा दचकतो." हेही आम्हाला बरंच वाटलं. बाहेर भट्टी पेटलेली, घरची कामं तुंबलेली, लग्नसराईची दळणं माझ्या दारात रांग लावून. आपली काळजी घेणारा माणूस आहे, असं मी नवऱ्याला म्हणाल्याचं आठवतं.

कमलबाई मात्र अधूनमधून जाऊन यायच्या. एक दिवस गिरणीवर येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, पन्नी लई उघडी पडून राह्यलीय. मला काही बराबर वाटंना."

"चिंधी दिसते का?"

"पान्याला टेकली हाय. उलीशी दिसती."

"मग झालं तर. चिंधीपर्यंत पाणी आहे. नानांनाही विचारून घ्या."

त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "चिंधी बघा, चिंधी. पन्नीला काय बघता? ठिबक कवाच बंद केलंय मी." आणि बागेकडे हात करून मोठा उसासा टाकला. आता झाडांचं काय व्हायचं ते होईल, असा. कमलबाईंनाच वाईट वाटलं. घरी जाताना त्या मला म्हणाल्या, आपल्यापायी बिचाऱ्याची झाडं वाळायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी उजाडताच कमलबाई धावत आल्या. त्यांच्या पायात चप्पल नव्हती. "ताई, मासे तोंड वर काढून राह्यलेत."

याचा अर्थ आम्हाला नानांनीच शिकवला होता. पाण्यात जीव उरला नाही की मासा वर येतो आणि हवा गिळायला बघतो. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं पाणी तोंडांनी भरलेलं होतं. वरच्या मजल्यावरचा, मधल्या मजल्यावरचा, तळाचा, सगळे एकाच जागी आले होते. आवाज नाही, काही नाही. नुसती तोंडं उघडत होती, मिटत होती. आम्ही बादल्यांनी पाणी वर फेकू लागलो, म्हणजे हवा मिसळेल. कुणी विहिरीवरची मोटार लावायला धावलं. मोटार चालू झाली आणि थोडं पाणी ओढून गुरगुरत बंद पडली.

नाना आले. जाळं घेऊन दोराने सरसर खाली उतरले, निदान जिवंत असतील ते काढावेत म्हणून. चिखलपाण्यातून मध्यापर्यंत चालत गेले, ट्यूब लागली नाही. आणि जाळं टाकायला बांबूजवळ उभे राहिले.

चिंधी त्यांच्या गुडघ्याशी होती.

आम्ही सगळ्या काठावर उभ्या होतो. वर्षापूर्वी याच जागेवर, याच बांबूला टेकून, हाच माणूस उभा होता, आणि चिंधी त्यांच्या छातीशी होती. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. पाणी उतरेल तशी चिंधी उतरवत नेली होती. पोहता त्यांना एकट्यांनाच यायचं, बांबूपर्यंत जायचे ते एकटेच. आम्ही येऊन चिंधी पाण्यात आहे बघायचो आणि समाधानाने घरी जायचो.

कमलबाईंनी काठावरून विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. "नाना, चिंधी कितीदा खाली घेतली?"

नानांनी वर बघितलं. हात उठला. तळहात पालथा करून छातीशी धरला. तिथून कमरेशी आणला. मग गुडघ्याशी. एवढी वर्षं बघितलेला तो हात, पहिल्यांदाच वरून खाली येत होता.

ते वर आल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गिरणीवाल्या बाईला ओरडायची सवय असते. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "झाडं वाळून राह्यल्ती, माय. पोटच्या लेकरावानी वाढवल्ती. पानं गळायला लागली, मला बघवलं न्हाई. मासा काय, पुढच्या साली फिरून सोडता येतो."

"मग सांगायचं होतं नाना! काढले असते आम्ही मासे. ढाब्यावाला दारात उभा होता. तुम्हीच थांबवलंत."

"सांगनारच व्हतो. उद्या सांगू, उद्या सांगू करून राह्यलो." आणि मग, अगदी मनापासून, जणू मला धीर द्यावा तसं म्हणाले, "वळवाची एक सर पडली असती ना, तर कुनाला कळलं बी नसतं."

मासे मेले त्याचं दुःख झालं. पण रुतलं ते हे वाक्य. त्यांना वाईट वाटत होतं पाऊस न पडल्याचं. सर पडली असती, तळं भरलं असतं, मासे निघाले असते, तर नाना त्याच तोंडाने माझ्या गिरणीवर बसून जगाची काळजी करत राहिले असते, आणि मी त्यांना चहा पाजत राहिले असते. दारोदार फिरून मी ज्यांना आणलं त्या बायकांच्या तोंडाकडे मला बघवेना.

ऊन चढायच्या आत मेलेले मासे पुरणं भाग होतं. मे महिन्यातली आमची काळी जमीन म्हणजे दगड. दोन ठिकाणी टिकाव मारून पाहिला, ठिणग्या उडाल्या. मग कमलबाई फावडं घेऊन मोसंबीच्या बागेत शिरल्या आणि पहिल्या झाडाशी घाव घातला. फावडं पातं बुडेपर्यंत आत गेलं. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि आमच्यापुढे धरली. मातीचा गोळा झाला होता. गार होता. सगळ्या झाडांची पानं हिरवीगार, आणि त्यांच्याआड सुपारीएवढाली फळं धरलेली.

तिथेच खड्डे केले. दुसरीकडे जमीन नरम नव्हती.

भागूकाकू बांधावर बसून होत्या, गोफण मांडीवर. माळ हातात घेऊन जप करत असतील असं मला वाटलं. जवळ गेले तर स्वतःशीच बोलत होत्या. "तेवढे बगळे उगाच उपाशी धाडले मी."

त्या दिवसानंतर नाना गिरणीवर आले नाहीत. त्यांची ज्वारी वडीगोद्रीला जाऊ लागली, दळायला. रस्त्यात कधी समोर आले तर मोटारसायकलचा वेग वाढायचा. पावसाळ्यात तळं पुन्हा काठोकाठ भरलं. त्यांनी कुणाकरवी निरोप धाडला, यंदा बीज मी आणतो, बायकांनी नुसतं हो म्हणावं. गटात निरोप वाचून दाखवावा तसा मी सांगितला. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. पापडाच्या पिठाचं काय करायचं त्यावर बोलणं सुरू झालं.

आता मला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, सांगू? ते खोटं बोलत नव्हते. टीव्हीवर कुणी शहाणा माणूस येतो आणि सांगतो की उद्याच्या जगाला मासा तळ्यातच वाढवावा लागेल, तेव्हा मला गिरणीचा खडखडाट आणि नानांचा चढवलेला आवाज आठवतो. शब्द न् शब्द बरोबर होता. फक्त पाणी कमी पडलं की कुणाचं आधी तोडायचं, हे त्यांच्या मनात पहिल्यापासून ठरलेलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक नसावं. जग लांब होतं. मोसंबी घराच्या दाराशी होती. आम्ही मधे कुठेतरी होतो.

मुकादम जूनमध्येच येऊन गेला होता. कमलबाईंनी त्याला बसायला पाट दिला.

दसरा झाला आणि ट्रकचे दिवस आले. त्या सकाळी गिरणीचं शटर उघडलं तर पायरीवर एक पोतं. तोंड सुतळीने शिवलेलं. वासावरूनच कळलं, तरी सुतळीचे दोन टाके उसवून पाहिलं. पिवळी धमक, एकसारखी, निवडून भरलेली मोसंबी. ठेवून कोण गेलं ते शेजारच्याने पाहिलं होतं, पण त्यानेही नाव घेतलं नाही.

मला इतका संताप आला की पोतं फरफटत नाल्यापर्यंत नेलं. तिथे पोहोचल्यावर ट्रकचा हॉर्न ऐकू आला, आणि का कोण जाणे, पोतं तसंच ओढत मी रस्त्यावर गेले.

ट्रक भरला होता. कोयते, पातेली, बाजा, शेळ्या, वरती माणसं. कमलबाई कडेला बसल्या होत्या. शेजारी त्यांची पोरगी, मांडीवर दप्तर घेऊन. वर्षभर शाळेत जाऊन ती वर्गात पहिल्या पाचांत आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि दप्तर पोटाशी ओढून घेतलं.

"ताई, काय आनलं?"

"नानांनी पाठवलंय. नाल्यात टाकायला चालले होते."

कमलबाईंनी हात पुढे केला. मी एक मोसंबी दिली. त्यांनी ती नखाने सोलली, फोडली. अर्धी मला दिली, एक फोड पोरीच्या तोंडात घातली, एक स्वतःच्या.

"गोड हाय," म्हणाल्या. आणि पोतं वर ओढून घ्यायला दोन्ही हात खाली केले. "द्या इकडं. आपलंच पानी हाय ताई त्यात. टाकायचं कशाला?"

पोतं वर गेलं. ट्रक सुरू झाला. गावातून हायवेला जाणारी वाट नानांच्या बागेवरूनच जाते. दरवर्षी तिथे ट्रक थांबायचा, आणि लाल टॉवेलवाला माणूस खालून हात वर करून प्रत्येकाला दोन-दोन मोसंब्या द्यायचा, जल्दी या म्हणायचा. ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला. बांधावर कुणी नव्हतं.

ट्रक पुढे गेला. माझ्या हातात ती अर्धी मोसंबी तशीच होती.